तेवीस मुलांची एकच चूक

"तेवीस मुलं," उपासनी साहेब म्हणाले. "पाच प्रश्न. आणि पाचही प्रश्नांना तेवीस जणांचं एकच चुकीचं उत्तर. देवस्थळी, तुमचं यंत्र चालतंय हो."

त्यांच्या टेबलावर संगणकाचा तो लांबलचक, कडेला भोकं पाडलेला कागद पसरला होता. साहेबांनी त्यावर चहाचा कप ठेवला होता, त्यामुळे खिरपाडा नावाच्या शाळेभोवती आपोआपच एक गोल वर्तुळ उमटलं होतं.

ही १९९६ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो आणि पुण्याच्या राज्य गुणमापन केंद्रात हुशारी मोजायचं काम करत होतो. सोनाराकडे तराजू असतो, वाण्याकडे माप असतं, तसे माझ्याकडे चार पर्याय असायचे. चौथीच्या मुलांसाठी आम्ही 'प्रज्ञांकुर' नावाची परीक्षा घेत असू. शंभर प्रश्न, शंभर गुण. वर आलेल्या मुलांना सरकारी निवासी शाळेत बारावीपर्यंत मोफत प्रवेश. तीन लाख मुलं बसायची, बाराशे निवडली जायची आणि उरलेल्यांच्या आईबापांना आपलं मूल नेमकं किती टक्के बुद्धिमान नाही हे आमच्या शिक्क्यानिशी कळायचं.

परदेशातला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून आल्यावर मी कॉपी पकडण्याचं एक गणित बसवलं होतं. त्याला नाव दिलं होतं देवस्थळी निर्देशांक. नाव मी दिलं नव्हतं, इतरांनी द्यावं अशी व्यवस्था फक्त केली होती. कल्पना साधी होती. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखी असली तर त्यात संशयास्पद काही नाही. पण दोन मुलं पुन्हा पुन्हा एकच चूक करत असतील, तर एकाने दुसऱ्याचं बघितलं किंवा दोघांना तिसऱ्याने सांगितलं. खरं एकच असतं, चुका मात्र ज्याच्या त्याच्या असतात, असा माझा सिद्धांत होता. सभागृहात एका प्रश्नाला उत्तर देताना मंत्रीमहोदयांनी या निर्देशांकाचा उल्लेख केला होता, आणि जूनमध्ये सिंगापूरच्या परिषदेत मी त्यावर निबंध वाचणार होतो. कमी होती ती एका चोराची. निर्देशांक होता, मंत्री होते, विमानाचं तिकीट होतं, पण पकडलेली शाळा एकही नव्हती. शहरातल्या शाळा फार व्यवस्थित कॉपी करत. त्या बरोबर उत्तरांची कॉपी करत.

"तुम्ही स्वतः जा," साहेब म्हणाले. "बाईंचा जबाब घ्या, कबुली घ्या. शाळेत एकच शिक्षिका आहे. रडेल, सही करेल. मग निलंबनाचं जिल्हा परिषद बघेल."

"आणि मुलं?"

"मुलांचे निकाल रद्द. देवस्थळी, तिथली मुलं निवडली जात नसतातच. त्यांचं काय जाणार आहे?"

मी पाचही प्रश्न पुन्हा पाहिले. पाचही मीच काढलेले होते. माझ्याच प्रश्नांनी चोर पकडला, याचा मला अभिमान वाटल्याचं नीट आठवतं.

खिरपाडा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या हद्दीला चिकटून आहे. तालुक्याच्या गावी मला विस्तार अधिकारी सोनजे भेटले. तालुक्यातल्या शाळांवर देखरेख ठेवणं हे त्यांचं काम होतं, आणि ते शक्यतो तालुक्याच्या गावातूनच ती ठेवत. दुपारच्या जेवणाआधी परत यायचं, एवढीच त्यांची चौकशीकडून अपेक्षा होती. जीप डोंगराच्या पायथ्याला थांबली. पुढचे तीन किलोमीटर आम्ही चाललो. सोनजे प्रत्येक वळणावर थांबून "आलंच आता" म्हणत होते, त्यावरून ते पूर्वी इथे कधी आलेले नाहीत हे माझ्या लक्षात आलं.

शाळा म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओटा. भोये बाई ओट्यावरच उभ्या होत्या. चाळिशीच्या, सडसडीत, हातात पाण्याचा तांब्या.

"या साहेब. पाणी घ्या. चौकशी कुठे जात नाही, ऊन मात्र लागेल."

मी पाणी प्यायलो आणि लगेच कामाला लागलो. अभ्यासक्रमात शिकवलं होतं की समोरच्याला सावरायला वेळ देऊ नये.

"बाई, परीक्षेच्या दिवशी फळ्यावर उत्तरं लिहिली होती का?"

"नाही."

"तोंडी सांगितली?"

"मला आत बसूच दिलं नव्हतं. पेपर सीलबंद आला, पर्यवेक्षक तालुक्याहून आले. मी त्या आंब्याखाली बसले होते दोन तास."

"पर्यवेक्षक पूर्ण वेळ वर्गात होते?"

"होते. मधे तासभर झोपले होते. घोरणं मला बाहेर ऐकू येत होतं."

सोनजेंनी खाकरून माझ्याकडे पाहिलं. गुन्ह्याची वेळ मिळाली होती.

"मग त्या तासात मुलांनी एकमेकांचं बघितलं असणार."

"बघितलं असतं कदाचित," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण साहेब झोपल्यावर काय करायचं असतं, ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडे पहिल्यांदाच परीक्षा झाली ना."

त्या रडत नव्हत्या. ही गोष्ट निर्देशांकात बसत नव्हती, म्हणून मी ती बाजूला ठेवली आणि मुलांना एकेक करून आत पाठवायला सांगितलं. तांदळाची पोती ठेवलेल्या खोलीत मी आणि सोनजे बसलो. पहिला आला तो काशिनाथ नावाचा मुलगा. मी त्याच्यापुढे बारावा प्रश्न ठेवला. 'गटात न बसणारे झाड ओळखा : आंबा, मोह, पळस, साग.' उत्तरसूचीत उत्तर होतं आंबा. कारण आंबा फळझाड, बाकीचे तीन जंगली वृक्ष. राज्यातल्या बहुतेक हुशार मुलांनी आंबा लिहिलं होतं. मी काढलेली पुढची माहिती अशी, की त्यातल्या बहुतेकांनी ते लिहिलं कारण चौघांपैकी तेवढं एकच झाड त्यांनी पाहिलं होतं. पण ती माहिती मी नंतर काढली.

"तू साग लिहिलंस. का?"

"तो सरकारचा आहे."

"आणि बाकीचे?"

काशिनाथने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "बाकीची झाडं आहेत," तो म्हणाला.

सोनजे हसले. मी हसलो नाही, कारण मी वहीत लिहीत होतो. दुसरा मुलगा आला, तिसरी मुलगी आली. साग. सरकारचा. साग. जंगलाचा गार्ड पकडतो. शब्द ज्याचे त्याचे होते. पढवलेली मुलं एकाच वाक्यात पढवलेली असतात, हे मला माहीत होतं. तसा एक परिच्छेदच मी लिहिला होता.

सातवी आली इंदू धूम. बारीक अंगाची, केसांना चापूनचोपून तेल लावलेलं. तिने प्रश्न पुन्हा वाचून घेतला आणि मग एकेका झाडावर बोट ठेवलं.

"आंब्याचे आंबे खातो. मोहाची फुलं वेचतो. पळसाच्या पानांच्या पत्रावळी करतो. सागाला कुऱ्हाड लावली की गार्ड बापाला घेऊन जातो."

"कोणाच्या बापाला?"

"माझ्या नेलं होतं."

हे तिने एखादं पाढ्यातलं वाक्य सांगावं तसं सांगितलं. मी घाईने पान उलटलं आणि एकोणतिसावा प्रश्न काढला. 'गावाहून तालुक्याच्या ठिकाणी सर्वांत लवकर कसे पोहोचाल? बैलगाडीने, सायकलने, एसटी बसने, पायी.'

"तू पायी लिहिलंस. एसटी माणसापेक्षा हळू चालते का?"

"एसटी मंगळवारी असते."

"बरं, मंगळवार आहे असं समज."

"मंगळवारी ती वळसा घालून जाते. डोंगरावरून आम्ही आधी पोचतो." मग थोडं थांबून, मला वाईट वाटू नये अशा आवाजात ती म्हणाली, "आणि पेपरात मंगळवार लिहिलं नव्हतं."

खरंच लिहिलं नव्हतं. परदेशातल्या अभ्यासक्रमात प्रश्न निःसंदिग्ध कसा करावा यावर आम्हांला अकरा तासिका होत्या.

एक्केचाळिसावा प्रश्न होता : 'जून महिन्यात शाळा...' आणि पुढे पर्याय. उत्तरसूची म्हणत होती 'सुरू होते'. तेवीस मुलांनी लिहिलं होतं 'बंद होते'. याचा खुलासा दारात येऊन उभ्या राहिलेल्या भोये बाईंनीच केला.

"जूनमध्ये ओढ्याला पाणी येतं, साहेब. शाळा अलीकडे, वस्ती पलीकडे. गणपतीपर्यंत मी वस्तीतच कोणाच्या तरी ओट्यावर शिकवते."

"म्हणजे शाळा बंद नसते. ओट्यावर असते."

"मीही तेच म्हणत होते. पण ओट्यावर भरलेली शाळा ही शाळा धरता येणार नाही, जून ते ऑगस्ट शाळा बंद समजावी, असा शेरा आहे मागच्या वर्षीचा. सोनजे साहेबांचीच सही आहे त्यावर. मी मुलांना वाचून दाखवला होता."

सोनजे पोत्यांवरची शिवण निरखून पाहू लागले.

उरलेल्या दोन प्रश्नांपैकी एक विजेच्या पंख्याबद्दल होता आणि एक नळाबद्दल. तिथे वीज आणि नळ दोन्ही नव्हते एवढं सांगितलं, की त्यांचं स्पष्टीकरण तुम्हीही करू शकाल. तज्ज्ञ लागत नाही.

तरीही मी तज्ज्ञ होतो, म्हणून मी पुन्हा परीक्षा घ्यायची ठरवली. त्याच धर्तीचा दुसरा पेपर मी बरोबर नेला होता. तेवीस मुलांना आंब्याखाली बारा-बारा फुटांवर बसवलं. सोनजेंनी घड्याळाकडे बघून "आता जेवण संध्याकाळीच" असा निष्कर्ष काढला आणि आंब्याच्या पलीकडच्या बाजूला आडवे झाले. मी स्वतः फेऱ्या मारत राहिलो. कोणीही कोणाकडे बघत नव्हतं. एकदा इंदूने मान वर केली आणि मला विचारलं, "साहेब, यात आमच्याकडचं लिहायचं का तुमच्याकडचं?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे, तुमच्याकडे कसं असतं ते आम्हांला माहीत नाही ना."

"खरं असेल ते लिही," मी म्हणालो. मोठी माणसं अडचणीत आली की हे सांगतात.

दुपारी चार वाजता मी पेपर तपासून उठलो. गणितात मुलं राज्याच्या सरासरीच्या वर होती. भाषेत बरी होती. आणि झाडं, रस्ते, पाणी, दिवे आले, की तेवीसच्या तेवीस एकसारखी चुकत होती. म्हणजे माझ्या उत्तरसूचीप्रमाणे चुकत होती. मी पहिल्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका पुन्हा काढल्या.

"बाई, मी अहवालात लिहिणार की कॉपी झालेली नाही. तुम्ही निर्धास्त राहा."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. निलंबन टळलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसावं, ते काही मला दिसलं नाही. "इंदूला किती आहेत, साहेब?"

"अठ्ठ्याहत्तर."

"निवडीला किती लागतात?"

"या जिल्ह्यासाठी यंदा एक्क्याऐंशी."

"आणि ही पाच धरली तर?"

बेरीज मला येत होती. "त्र्याऐंशी."

"मग धरा की."

"बाई, ते तसं होत नाही. कॉपी झाली नाही हे खरं. पण उत्तरं उत्तरसूचीप्रमाणे चूकच आहेत."

त्यांनी ते नीट समजून घेतलं. "म्हणजे पोरांनी चोरी केली नाही. फक्त चुकली."

"तसं म्हणा."

"मग मी त्यांना उद्या काय शिकवू? साग आपला आहे म्हणून सांगू? ओढ्याला पाणी येत नाही म्हणून सांगू?" आवाज अजिबात चढला नव्हता. "तुम्ही सांगा, मी तसं शिकवते. पुढच्या वर्षी पोरं आंबा लिहितील. चांगली पाठांतराची आहेत."

मी म्हणालो की मी प्रयत्न करीन. दोन्ही उत्तरं ग्राह्य धरावीत अशी शिफारस करीन. बाईंनी मान हलवली आणि जाताना आम्हां दोघांना मोहाच्या फुलांची एकेक पुडी दिली. सोनजेंनी दोन्ही पुड्या घेतल्या.

पुण्याला येऊन मी खरोखर तसा अहवाल लिहिला. अकरा पानांचा, तक्त्यांसह. हे मी आवर्जून सांगतो, कारण पुढे सांगण्यासारखं माझ्या बाजूने फारसं काही नाही. उपासनी साहेबांनी तो पूर्ण वाचला. ते वाचत असत. ती त्यांची एक वाईट सवय होती.

"म्हणजे तुमचा निर्देशांक चुकला?"

"नाही साहेब. एकसारखी चूक त्याने बरोबर पकडली. फक्त ती चूक नव्हती."

"मग चुकलं कोण?"

"उत्तरसूची."

"कोणी केली होती?"

"मी."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "देवस्थळी, मी तुम्हाला एका गोष्टीचं चित्र दाखवतो. तुम्ही पाच प्रश्नांना दोन-दोन उत्तरं बरोबर धरता. तीन लाख उत्तरपत्रिका पुन्हा तपासायच्या. बाराशेच्या यादीतून तीस-चाळीस नावं बाहेर जातात, तेवढीच आत येतात. बाहेर गेलेल्यांचे बाप कोर्टात जातात, कारण ते कोर्टात जाणारेच बाप आहेत. कोर्ट विचारतं, हे प्रश्न कोणी काढले? मग विचारतं, आणि त्याच माणसाने कॉपी पकडण्याचं यंत्र काढलंय का? मग मंत्रीमहोदय मला विचारतात. सिंगापूर कधी आहे तुमचं?"

"बारा जूनला."

"निकाल दहाला आहे."

साहेबांनी माझ्याकडे जरा माया केल्यासारखं पाहिलं. "अहो, बाई सुटली ना? मुलांवरचा ठपका गेला ना? तुम्हीच सोडवलंत त्यांना. कोणाचंही वाईट झालेलं नाही. कॉपी सिद्ध झाली नाही, पुराव्याअभावी प्रकरण दप्तरी दाखल, असं एक पान लिहून द्या. ही अकरा पानं छान आहेत. ती ठेवा तुमच्याजवळ, पुढे उपयोगी पडतील."

मी एक पान लिहून दिलं. मी एका कोपऱ्यात तारीख टाकली, खाली पदनाम लिहिलं आणि शिपायाला चहा सांगितला. इंदू धूमचे गुण अठ्ठ्याहत्तर राहिले.

साहेबांचं म्हणणं खरं ठरलं. ती अकरा पानं उपयोगी पडली.

सिंगापूरला निबंध वाचून झाल्यावर एका वृद्ध विदुषीने विचारलं, तुमचा निर्देशांक निरपराध मुलांना पकडत नाही कशावरून? मी गांगरलो. मग मी सागाची गोष्ट सांगितली. सभागृह आधी हसलं, मग टाळ्या वाजल्या. निर्देशांक त्या दिवशी संपला आणि माझी कारकीर्द सुरू झाली. मुलांच्या परिसराचा विचार न करणाऱ्या परीक्षांवर बोलणारा माणूस म्हणून मला बोलावणी येऊ लागली. मी दोन पुस्तकं लिहिली. तीन राज्यांच्या समित्यांवर गेलो. उपासनी साहेब निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीत बसलो आणि प्रज्ञांकुरच्या पेपरवर शेवटचा हात फिरवण्याचं काम माझ्याकडे आलं. खिरपाड्याच्या तेवीस मुलांनी मला जेवढं मिळवून दिलं, तेवढं माझ्या वडिलांनीही दिलं नव्हतं. पकडली तेव्हाही ती माझ्या कामी आली आणि सोडली तेव्हाही.

गोष्ट मी चाळीस-पन्नास ठिकाणी सांगितली असेल. सांगून सांगून ती गुळगुळीत झाली होती. काशिनाथचं "बाकीची झाडं आहेत" कुठे म्हणायचं, मग किती थांबायचं, हे मला पाठ होतं. शेवट मात्र जसा घडला तसा व्याख्यानात बसत नव्हता. श्रोते खट्टू व्हायचे. म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांतच मी तो जरा नीट करून घेतला होता. मी म्हणायचो, "आणि मग आम्ही उत्तरसूची बदलली." एवढंच. पाच शब्द. त्यानंतर टाळ्या हमखास यायच्या.

२०१४ साली नाशिकला जिल्ह्यातल्या चारशे शिक्षकांपुढे माझं भाषण होतं. मी आंब्यापासून सागापर्यंत सगळं सांगितलं, मंगळवारची एसटी सांगितली, ओट्यावरची शाळा सांगितली, उत्तरसूची बदलली. टाळ्या झाल्या. सूत्रसंचालकांनी कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा म्हटलं. मागच्या बाजूने एक बाई उठल्या. केस पांढरे झालेले, अंगाने तशाच सडसडीत. त्यांना ध्वनिक्षेपक नेऊन दिला, तो त्यांनी परत केला. आवाज तसाही पोचत होता.

"साहेब, त्या मुलीला प्रवेश मिळाला का?"

मला ओळखायला क्षणभर लागला. त्या क्षणभरात चारशे माणसं माझ्या उत्तराची वाट बघत होती, आणि ते उत्तर काय असणार हे त्यांना गोष्टीवरून ठाऊक होतं.

"नोंद बघावी लागेल," मी म्हणालो.

"बरं," भोये बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मला शाल आणि श्रीफळ मिळालं. मी ते घेतलं. सभागृहात कोणालाही काही कळलं नाही. सूत्रसंचालक तर म्हणाले की साहेबांची नम्रता बघा, आपलं श्रेयही नोंद बघितल्याशिवाय घेत नाहीत.

बाहेर येऊन मी त्यांना शोधलं. त्या आवाराच्या भिंतीपाशी उभ्या होत्या. पिशवीत प्रशिक्षणाची फाइल कोंबत होत्या.

"बाई."

"मला सव्वापाचची गाडी आहे, साहेब. आता रोज असते."

"इंदू कुठे असते?"

"सातवीपर्यंत शिकली. पुढे शाळा लांब होती. लग्न झालं. हंगामात दिंडोरीकडे द्राक्षबागेत जातात दोघं." त्यांनी पिशवीचे बंद ओढले. "तुमच्यावर राग नाही हं तिचा. तिला तुम्ही आठवतसुद्धा नाही. फक्त आपण पास झालो नव्हतो, एवढं आठवतं. मुलीला सांगत असते, मला काही येत नव्हतं, तू तरी नीट शिक."

"तिला येत होतं," मी म्हणालो.

"ते मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे आणि आता या आतल्या चारशे जणांना माहीत आहे. तिला कोणी सांगितलंय?"

मी जगभर सांगितलं होतं. दोन पुस्तकांत, तीन राज्यांत, एकदा इंग्रजीतून एका जाडजूड ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणात. मी हे बाईंना सांगितलं नाही, तेवढी अक्कल तोवर आली होती.

"तुम्ही सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"दर वर्षी सांगते. ती म्हणते, बाई, तुम्ही आमच्या म्हणून म्हणता. पेपर काढणाऱ्याने थोडंच म्हटलंय."

मी माझ्या फाइलमधला एक कोरा कागद काढला. भिंतीवर धरून लिहायला लागलो. खिशातलं पेन उभ्या कागदावर नीट उमटत नव्हतं. बाईंनी त्यांचं दिलं. मी लिहिलं की खिरपाडा येथील कुमारी इंदू धूम हिची सन १९९६ च्या प्रज्ञांकुर परीक्षेतील प्रश्न क्रमांक बारा, एकोणतीस, एक्केचाळीस, छप्पन्न आणि अठ्ठ्याऐंशी यांची उत्तरे बरोबर होती. प्रश्न चुकीचे होते. ते मी काढले होते. तिचे खरे गुण त्र्याऐंशी आहेत. तेव्हा ती निवडीस पात्र होती. मग सही केली. आयुष्यात हजारो निकालांवर सह्या केल्या होत्या, पण एका माणसाला वाचता यावी म्हणून सही सुवाच्य केल्याची ती पहिलीच वेळ.

बाईंनी कागद घेतला. चष्मा लावून सावकाश वाचला. शिक्षिकेच्या सवयीने एका ठिकाणी काना राहिला होता तो दाखवला. मी तो दिला.

"तारीख घाला, साहेब."

मी तारीख घातली. त्या दिवसाची. त्यांनी ती वाचली, वरच्या ओळीतलं १९९६ पुन्हा वाचलं, कागदाची घडी केली आणि आभार न मानता गाडीकडे निघाल्या.